सोडियम १३८

सकाळचा राउंड चालू असतो. सर एका खाटेपाशी थांबतात आणि केसपेपरवरून नजर न काढताच विचारतात, "सोडियम किती?" पांढरा कोट अंगावर चढून जेमतेम दोन महिने झालेली ज्युनियर क्षणभर गप्प राहते. रिपोर्ट अजून लॅबमधून आलेला नाही. खरं तर रक्त पाठवायलाच उशीर झाला होता, कारण रात्रभर ती दुसऱ्या एका पेशंटपाशी उभी होती. "१३८, सर." सर मान डोलावतात. राउंड पुढच्या खाटेकडे सरकतो.

१३८ हा आकडा मोठ्या हुशारीने निवडलेला आहे. रक्तातलं सोडियम नॉर्मल असेल तर ते १३५ ते १४५ च्या दरम्यान असतं. १४० सांगितलं तर रचलेलं वाटतं. १३८ खरं वाटतं. ज्यांनी वॉर्डात दिवस काढलेत त्यांना हा आकडा ओळखीचा आहे. कुणी हिमोग्लोबिन असं सांगितलं असेल, कुणी रात्री दोनचा रक्तदाब, कुणी स्टेथोस्कोप न लावलेल्या छातीबद्दल "चेस्ट क्लिअर" असं लिहून ठेवलं असेल. बहुतेक वेळा पुढे काहीच होत नाही. दुपारी रिपोर्ट येतो, तो नॉर्मलच निघतो आणि ती ज्युनियर सुटकेचा नि:श्वास टाकते. वाईट झालं ते हेच. न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगता येतं आणि "माहीत नाही" म्हणण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, हा धडा तिला त्या दिवशी मिळाला. तो कुठल्याच अभ्यासक्रमात नव्हता.

नव्या डॉक्टरांच्या प्रशिक्षणाचा विषय निघाला की हल्ली दोन शब्द हमखास येतात: प्रोफेशनॅलिझम आणि आजन्म शिक्षण. दोन्हींचे तास वेगळे, फॉर्म वेगळे, ते शिकवणारी माणसंही बहुधा वेगळी. माझं म्हणणं असं आहे की हे दोन विषय नाहीतच. त्या १३८ मध्ये दोन्ही एकदम मोडले. खोटं सांगणं हा सचोटीचा प्रश्न झाला. पण त्याच खोट्याने शिकायचं दारही लावून घेतलं. उत्तर देऊन मोकळं झालेल्या माणसाकडे प्रश्न उरत नाही. सोडियम का बघायचं होतं, या पेशंटमध्ये ते कशाने घसरू शकतं, रक्त आधी कुणाचं पाठवायचं हे कसं ठरवायचं, हे सगळं त्या एका आकड्याखाली गाडलं गेलं.

आपल्या भाषेत तर या विषयाची सुरुवातच अडखळते. "तो डॉक्टर फार व्यावसायिक आहे" हे मराठीत कौतुकाचं वाक्य नाही. त्याचा अर्थ पैशावर नजर असलेला. 'धंदेवाईक' ही तर शिवीच. 'प्रोफेशनल' हा शब्द तसाच उचलावा तर त्यातून कडक इस्त्री, वेळेवर येणं आणि मोजकं गोड बोलणं एवढंच हाती लागतं. मला जवळचा वाटतो तो जुन्या कहाण्यांमधला शब्द: वसा. वसा देताना घातलेली अटही आठवून पाहा: उतू नको, मातू नको, घेतला वसा टाकू नको. 'टाकू नको' शेवटी येतं. त्याआधी उतणं आणि मातणं. वसा कंटाळ्याने सुटण्याआधी माजाने सुटतो, हे त्या कहाण्या सांगणाऱ्या बायांना पक्कं ठाऊक होतं. हिपोक्रेटसच्या नावाने चालत आलेल्या शपथेतही एक कलम आहे, जे आज वाचताना लोक गोंधळतात: मी मुतखड्याच्या रुग्णावरसुद्धा शस्त्र चालवणार नाही, ते काम करणाऱ्यांवर सोपवीन. अभ्यासक त्याचे निरनिराळे अर्थ लावतात. मला त्यात एवढंच दिसतं की दोन हजार वर्षांपूर्वीही डॉक्टर होताना "हे मला येत नाही" असं सगळ्यांसमोर म्हणावं लागत होतं.

या विषयाचे रकाने पडले ते बऱ्याच उशिरा. १९९९ मध्ये अमेरिकेत रेसिडेन्सीच्या, म्हणजे पदवीनंतर रुग्णालयात राहून घ्यायच्या प्रशिक्षणाच्या, कार्यक्रमांना मान्यता देणाऱ्या परिषदेने डॉक्टरच्या सहा क्षमता ठरवल्या. त्यात प्रोफेशनॅलिझम ही एक आणि स्वतःच्या कामातून शिकून सुधारणं ही दुसरी. हेतू चांगला होता. तोवर भर मुख्यतः ज्ञानाच्या परीक्षेवर असायचा, आता बाकीच्या गोष्टींनाही मान मिळाला. पण रकाना पडला की त्यात टिकमार्क येतो, आणि टिकमार्क आला की माणूस पुढच्या रकान्याकडे वळतो. गंमत म्हणजे तीनच वर्षांनी, २००२ मध्ये, अमेरिका आणि युरोपातल्या अंतर्वैद्यकाच्या (इंटर्नल मेडिसिनच्या) संस्थांनी मिळून डॉक्टरी पेशाची एक सनद काढली. तीन तत्त्वं आणि दहा बांधिलक्या. पहिली बांधिलकी प्रामाणिकपणाची असेल असं वाटतं. ती दुसरी आहे. पहिली आहे सक्षम राहण्याची, आणि आयुष्यभर शिकत राहणं हा तिचाच भाग. म्हणजे ज्यांनी शांतपणे विचार केला त्यांना हे दोन्ही एकाच धाग्यातले दिसले होते. वेगळे केले ते आपण, वेळापत्रकाच्या सोयीसाठी.

हे केवळ तत्त्वज्ञान नाही. २००५ मध्ये अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. वैद्यकीय मंडळांनी शिस्तभंगाची कारवाई केलेले २३५ डॉक्टर घेतले, सगळे तीन वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेले. त्यांच्याशी तुलना करायला कारवाई न झालेले ४६९ डॉक्टर. मग दोन्ही गटांच्या विद्यार्थिदशेतल्या जुन्या फायली उघडल्या. कारवाई झालेल्यांच्या फायलीत गैरवर्तनाचे शेरे सापडण्याची शक्यता सुमारे तिप्पट होती. इथवर नवल नाही. नवल आहे ते कोणत्या शेऱ्यांचा संबंध सर्वांत घट्ट निघाला यात. पहिला, टोकाचा बेजबाबदारपणा. दुसरा, स्वतःत सुधारणा करण्याची क्षमता अत्यंत कमी असणं: चूक दाखवली की वाद घालणारा, सूचना केली की चेहरा पाडणारा, तीच चूक पुन्हा करणारा. परीक्षेतले कमी गुण यांच्यापुढे फिके पडले. आता यावरून कुणा विद्यार्थ्याच्या कपाळावर शिक्का मारायला निघू नये. तसे शेरे असलेले बहुतेक जण पुढे नीट काम करतात, आणि कारवाई ही मुळात विरळ घटना आहे. पण शिकायला नकार देणं आणि पुढे पेशाला बट्टा लागणं यांत नातं आहे, हे त्या फायलींत लिहिलेलं होतं. कॉलेजात ज्याला आपण 'जरा हट्टी आहे' म्हणून सोडून देतो, त्याच्याबद्दल हे आहे.

"शिकत राहा" हा उपदेश ऐकला की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर भर घालणं येतं. नवं औषध, नवं मशीन, नवं मार्गदर्शक तत्त्व. घड्यात आणखी पाणी. हे सोपं शिक्षण आहे, त्यात अहंकाराला कुठे धक्का लागत नाही. अवघड शिक्षण टाकून देण्याचं आहे. त्याची एक हकिगत मला विद्यार्थ्यांना सांगावीशी वाटते, आणि ती सांगताना घाई करू नये असंही वाटतं.

हार्ट अटॅकमधून वाचलेल्या काही रुग्णांच्या ईसीजीत मध्येच जादा ठोके दिसतात. ज्यांच्यात ते जास्त, ते पुढे अचानक दगावण्याचं प्रमाणही जास्त, हे माहीत होतं. मग तर्क सरळ होता: ठोके दाबा, माणूस वाचेल. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ही औषधं ठोके उत्तम दाबायची. गोळी सुरू केली की ईसीजीची पट्टी स्वच्छ व्हायची, डॉक्टरला डोळ्यांनी गुण दिसायचा. असंख्य रुग्णांना ही औषधं मनापासून, अभ्यासपूर्वक दिली गेली. अखेर नीट चाचणी घ्यायचं ठरलं तेव्हा निम्म्या रुग्णांना नुसती साखरेची गोळी द्यायची हे काही डॉक्टरांना अनैतिक वाटत होतं. १९८९ मध्ये चाचणीचा या दोन औषधांचा भाग मध्येच थांबवावा लागला. सरासरी दहा महिन्यांत, औषध घेणाऱ्या ७५५ जणांपैकी ६३ दगावले होते. औषध न मिळालेल्या ७४३ पैकी २६. पट्टी स्वच्छ होत होती आणि माणसं मरत होती.

हे डॉक्टर आळशी नव्हते. उलट ज्यांनी वाचलं नव्हतं, ज्यांना नव्या औषधांची माहितीच नव्हती, त्यांचे रुग्ण कदाचित वाचले. मग इथे चुकलं काय? तर्क सुंदर होता म्हणून तो तपासायची गरज वाटली नाही. आणि चाचणीचा निकाल आल्यावर त्या डॉक्टरांना जे करावं लागलं, त्याला नुसतं 'माहिती अद्ययावत करणं' म्हणता येत नाही. आपल्या हातून, चांगल्या हेतूने, काही माणसं गेली असावीत हे गिळावं लागलं. बुद्धीपेक्षा काळजाला जड जाणारं काम ते. जो "माझं चुकलं" म्हणू शकत नाही, तो असा निकाल वाचूच शकत नाही. तो त्यात खोट काढतो, आपले रुग्ण वेगळे आहेत म्हणतो, आणि जुनं औषध लिहीत राहतो.

तान्ह्या बाळांना पालथं झोपवण्याचा सल्ला हे त्याहून मोठ्या पल्ल्याचं उदाहरण. उलटी घशात अडकू नये म्हणून पालथं झोपवावं, असं विसाव्या शतकाच्या मध्यापासून कितीतरी वर्षं आयांना सांगितलं गेलं. ब्रिटनमध्ये १९९१ च्या अखेरीस आणि अमेरिकेत १९९४ मध्ये बाळाला उताणं झोपवायच्या मोहिमा निघाल्या, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचं प्रमाण निम्म्याच्या आसपास खाली आलं. नंतर जुना पुरावा कुणीतरी एकत्र मांडून पाहिला, तर पालथं झोपवण्यातला धोका १९७० च्या सुमारासच दिसायला हवा होता. मधली वीस वर्षं सल्ला देणारे सगळे अनुभवी होते.

अनुभव! या शब्दापुढे आपण सगळेच हात जोडतो. "केस उगाच पांढरे झाले नाहीत" हे वाक्य वैद्यकात वाद संपवायला पुरतं. २००५ मध्येच काही संशोधकांनी डॉक्टरांच्या प्रॅक्टिसची वर्षं आणि त्यांच्या उपचारांचा दर्जा यांचा संबंध तपासणारी ६२ मूल्यमापनं एकत्र केली. त्यांतल्या ३२ मध्ये, जेवढे निकष तपासले त्या सगळ्यांत, वर्षं वाढतील तसा दर्जा घसरलेला दिसला. सगळ्या निकषांवर वर्षांबरोबर सुधारणा दिसली, असं मूल्यमापन एकच निघालं. यातले बरेच निकष नव्या मार्गदर्शक तत्त्वांचं पालन, ज्ञानाची चाचणी अशा स्वरूपाचे आहेत हे मान्य. रुग्णाच्या खांद्यावर नेमका कधी हात ठेवायचा हे त्यात मोजलेलं नाही, आणि ते कदाचित वर्षांनीच येतं. पण एवढं सवलतीचं बोलूनही तो आकडा नजरेआड करता येत नाही. अनुभव आपोआप शिकवत नाही. तीच चूक तीस वर्षं केली तरी तिलाही अनुभवच म्हणतात.

मग प्रत्येकाने स्वतःला तपासत राहावं, हे उत्तर सुचतं. तेही पुरत नाही. डॉक्टरांचं स्वतःबद्दलचं मत आणि बाहेरून केलेलं मोजमाप यांच्या वीस तुलना २००६ च्या एका आढाव्यात तपासल्या होत्या. तेरांमध्ये दोहोंचा मेळ जेमतेम होता, नव्हताच किंवा उलटा होता. सर्वांत कमी कौशल्य असलेल्यांचा आणि सर्वांत जास्त आत्मविश्वास असलेल्यांचा अंदाज सर्वांत जास्त चुकत होता. म्हणजे ज्याला आरशाची सर्वाधिक गरज, त्याच्याकडचा आरसाच वाकडा. म्हणून दुसऱ्याचे डोळे लागतात. आणि दुसऱ्याने दाखवलेलं बघता येणं ही माझ्या मते पेशाची खरी कसोटी.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या रॉयल इन्फर्मरी या रुग्णालयात असे डोळे आले होते. १९८८ मध्ये स्टीफन बोल्सिन नावाचे भूलतज्ज्ञ तिथे रुजू झाले. लहान मुलांच्या हृदयाच्या शस्त्रक्रियांना इथे फार वेळ लागतो, आणि मुलं जास्त दगावतात, असं त्यांना वाटायला लागलं. त्यांनी आकडे गोळा केले, वरिष्ठांना सांगितलं, वर्षानुवर्षं सांगत राहिले. काही घडलं नाही. शेवटी ते देश सोडून ऑस्ट्रेलियाला गेले. पुढे चौकशी झाली. १९९१ ते १९९५ या काळात, तशाच इतर केंद्रांच्या मानाने, एक वर्षाखालची ३० ते ३५ मुलं तिथे जास्त दगावली असा २००१ च्या अहवालाचा निष्कर्ष होता. मला त्या अहवालातली सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वेगळीच वाटते. ही वाईट माणसांची किंवा रुग्णांची पर्वा नसलेल्यांची गोष्ट नाही, असं त्यात सुरुवातीलाच स्पष्ट केलेलं आहे. शस्त्रक्रिया अवघड आहे, मुलं मुळातच फार आजारी येतात, हात बसायला वेळ लागतो, ही स्पष्टीकरणं त्या लोकांना स्वतःलाच पटलेली होती. मोजक्या माणसांचा एक कंपू, त्यांच्या हाती सगळी सत्ता, आणि बाहेरचा माणूस आकडे घेऊन आला की त्याच्याकडे कटकट्या म्हणून बघणं. हे प्रकरण वैद्यकीय नीतीच्या तासाला शिकवतात. मी ते शिकण्याच्या तासाला शिकवीन.

आता व्यवस्थेकडे वळू. डॉक्टर शिकत राहावेत म्हणून बऱ्याच देशांत काही ना काही सक्ती आहे: व्याख्यानांना आणि परिषदांना हजर राहून मिळवायचे ठरावीक क्रेडिट पॉइंट, ठरावीक वर्षांनी परीक्षा किंवा पडताळणी. ब्रिटनमध्ये डिसेंबर २०१२ पासून दर पाच वर्षांनी डॉक्टरच्या परवान्याची पुनर्पडताळणी होते, त्यासाठी दरवर्षी सहकाऱ्याबरोबर बसून कामाचा आढावा घ्यावा लागतो. क्रेडिट पॉइंटची कथा सगळ्यांना माहीत आहे. हॉटेलातला गारठलेला हॉल, औषध कंपनीचा फलक, स्लाइडमागून स्लाइड, सही झाली की पार्किंगकडे धाव. नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांचं प्रत्यक्ष वागणं बदलत नाही, चर्चा आणि सराव असेल तर थोडंफार बदलतं, हे १९९९ पासून नीट माहीत आहे. तरी व्याख्यानं चालू आहेत, कारण हजेरी मोजणं सोपं असतं.

अमेरिकेची गोष्ट तर नाटकात शोभेल. तिथल्या अंतर्वैद्यक मंडळाने १९९० पासून प्रमाणपत्राला दहा वर्षांची मुदत घातली. त्याआधी ज्यांना मिळालं त्यांचं मात्र तहहयात. म्हणजे परीक्षेला पुन्हा बसायचं ते तरुणांनी. ज्यांचं शिक्षण सर्वांत जुनं, ते मोकळे. २०१४ मध्ये मंडळाने अटी आणखी वाढवल्या तेव्हा डॉक्टरांचा भडका उडाला: वेळ जातो, पैसा जातो, आणि रोजच्या कामाशी संबंध नाही. फेब्रुवारी २०१५ मध्ये मंडळाने चक्क जाहीर माफी मागितली, आमचं चुकलं म्हणून. त्या सगळ्या खटाटोपातली हीच एक कृती मला शिकवण्यासारखी वाटते.

म्हणून सक्ती नको का? हवी. पुनर्पडताळणीला विरोध करणाऱ्या सहकाऱ्यांशी माझं जमत नाही. वैमानिकाने "मला येतं, पुन्हा कशाला तपासता" म्हटलं तर आपण त्याच्या विमानात बसणार नाही. पण तपासायचं काय, हे बदलायला हवं. किती व्याख्यानं ऐकलीस, याऐवजी: गेल्या वर्षी तुझे कोणते निदान चुकले? कळलं कसं? कुणी सांगितलं? त्यानंतर काय सोडलंस? ज्याच्याकडे या प्रश्नांना उत्तर नाही, तो एकतर देव आहे किंवा त्याने पाहिलेलंच नाही.

नवे डॉक्टर हे कुठून शिकणार? व्याख्यानातून नाही, हे उघड आहे. समाजशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात वैद्यकीय शिक्षणातल्या 'छुप्या अभ्यासक्रमा'वर बोट ठेवलं. फळ्यावर एक आणि व्हरांड्यात दुसरं. फळ्यावर 'रुग्णाचा सन्मान', व्हरांड्यात "ती सहा नंबरची लिव्हर". फळ्यावर 'शंका विचारा', ऑपरेशन थिएटरात "एवढंही माहीत नाही? कुठून पास झालास?" विद्यार्थी मूर्ख नसतात. कोणता अभ्यासक्रम परीक्षेला आहे हे त्यांना बरोबर कळतं. बाबा वाक्यं प्रमाणम् हा धडा कुणी मोठ्याने शिकवत नाही, तरी तो कुणाचा कच्चा राहत नाही.

तेव्हा बदलायचं आहे ते ज्युनियरला नव्हे, राउंड घेणाऱ्याला. सोडियम विचारणाऱ्याने आधी एक फरक वॉर्डात ठळक करून ठेवला पाहिजे: माहीत नसणं माफ आहे, न पाहता सांगणं माफ नाही. आज बरोबर उलट चालतं. "माहीत नाही" म्हणणाऱ्याची सगळ्यांसमोर खिल्ली उडते आणि ठोकून देणारा 'स्मार्ट' ठरतो. तोंडी परीक्षेतही तेच. विद्यार्थी म्हणाला, "नक्की आठवत नाही सर, पण हे मी अमुक ठिकाणी बघेन आणि तोवर पेशंटला हे देणार नाही," तर त्याला गुण मिळावेत, आणि चुकीचा डोस छातीठोकपणे सांगणाऱ्याचे कापले जावेत. मृत्यूंचा आढावा घेणाऱ्या बैठकीत पहिली केस विभागप्रमुखाची स्वतःची असावी. दरवेळी ज्युनियरचीच चूक टेबलावर येत असेल तर ती शिकण्याची बैठक नाही, पंचायत आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो शिस्तीचा. आणीबाणीत चर्चा करत बसायचं का? नाही. हृदय बंद पडलेल्या रुग्णाभोवती एकच माणूस हुकूम देतो आणि बाकीचे पाळतात, तसंच हवं. पण ते काम वीस-तीस मिनिटांचं. त्या तीस मिनिटांचा रुबाब उरलेल्या साडेतेवीस तासांवर चढवला जातो. दुसरा आक्षेप रुग्णांचा: डॉक्टरच चाचपडताना दिसला तर कोण विश्वास ठेवणार? हा आक्षेप मी हलका समजत नाही. घाबरलेल्या माणसाला आधार लागतो आणि आधार ठाम आवाजात येतो. पण "काही कळत नाही बुवा" आणि "मला खात्री नाही, उद्या सकाळपर्यंत विचारून सांगतो, तोवर हे सुरक्षित आहे" यांतला फरक रुग्णाला चांगला कळतो. विश्वास उडतो तो ठामपणे सांगितलेलं तिसऱ्याच दिवशी गुपचूप बदललं की.

आणखी एक आक्षेप मात्र मला अडवतो: मी सांगतोय त्याचाही एक फॉर्म होईल. तो होईलच. शस्त्रक्रियेच्या वेळी एकेक गोष्ट तपासून टिकमार्क करायच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीचं काय झालं ते पाहा. कापण्यापूर्वी सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं, ही त्यातली साधीशी अट. हेतू असा की नाव एकदा मोठ्याने उच्चारलेला नवखा पुढे "थांबा" म्हणायला कमी घाबरेल. २००९ मध्ये आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांचे निकाल आले: मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर. मग कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात ती यादी सगळीकडे लागू झाली, आणि २०१४ मध्ये १०१ रुग्णालयांचे आकडे आले तेव्हा म्हणावा असा फरकच दिसला नाही. यादी तीच. असं का, यावर अजून वाद आहेत. पण ज्याने थिएटरात खाली मान घालून भराभरा टिकमार्क करणारी नर्स आणि तेव्हा फोनवर बोलणारा सर्जन पाहिलाय, त्याला अंदाज करता येतो.

थकव्याबद्दल दोनच वाक्यं. सलग तीस तास जागा असलेल्या माणसाकडून सचोटीची आणि जिज्ञासेची अपेक्षा करणं सोपं, पण ती पुरी होणं शरीराच्या हातात असतं. डॉक्टरांच्या जिनिव्हा प्रतिज्ञेत २०१७ मध्ये स्वतःचं आरोग्य आणि क्षमता जपण्याचं वचन आलं ते उगाच नाही, आणि ज्या ज्युनियरने १३८ सांगितलं ती रात्रभर उभी होती हे आपण इतक्यात विसरलो असू तर तोही छुपा अभ्यासक्रमच.

राहता राहिलं यंत्र. प्रश्न विचारला की क्षणात गुळगुळीत उत्तर देणारी साधनं आता प्रत्येक इंटर्नच्या खिशात आहेत, आणि यंत्राला १३८ सांगायला लाज वाटत नाही. पोलंडमधल्या काही केंद्रांत कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी, करताना गाठी दाखवणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आली. नंतर त्याच डॉक्टरांनी यंत्राविना केलेल्या तपासण्या पाहिल्या, तर गाठी सापडण्याचं प्रमाण २८.४ टक्क्यांवरून २२.४ टक्क्यांवर उतरलेलं, असं २०२५ मध्ये प्रसिद्ध झालं. एका अभ्यासावरून घबराट नको. पण आजन्म शिक्षणाबरोबर आजन्म विसरणंही चालू असतं, याची नोंद घ्यायला हरकत नाही.

माझंच सांगतो. बरीच वर्षं मीही मान न वळवता सोडियम विचारत होतो. काही वर्षांपूर्वी राउंडला एक वही न्यायला लागलो. त्यात फक्त न सुटलेले प्रश्न लिहायचे, कुणाचेही, माझेसुद्धा. पहिले काही आठवडे पानं कोरीच राहिली, कारण कुणाचा विश्वास बसेना. मग एका इंटर्नने भीत भीत लिहिलं: "हार्ट अटॅकच्या पेशंटचं सॅच्युरेशन ९७ असताना ऑक्सिजन का लावतो?" मी लावत होतो, कारण मला लावायला शिकवलं होतं, आणि मी पुढे कितीतरी जणांना शिकवलं होतं. म्हटलं, शोधून आण. दुसऱ्या दिवशी तो २०१७ मधल्या स्वीडनच्या चाचणीचा कागद घेऊन आला. सहा हजार सहाशेवर रुग्ण, निम्म्यांना ऑक्सिजन, निम्म्यांना नुसती खोलीतली हवा. वर्षभरातले मृत्यू ५.० टक्के आणि ५.१ टक्के. मी तो तिथेच उभ्याने वाचला. मग आम्ही दोघं पाच नंबरच्या खाटेपाशी गेलो, सॅच्युरेशन पुन्हा एकदा बघितलं, आणि मास्क काढायला मी त्यालाच सांगितलं.